विदूषक, जोकर आणि सुलभक



आजच्या विषयाचं नाव आयोजकांनी छापलंय ते असं: ‘समाजपरिवर्तनासाठीची सहभागी रंगभूमी आणि सुलभकाची भूमिका’. असं नाव वाचलं की माणसं घरी थांबतात. तुम्ही सिल्व्हर पार्कच्या सिग्नलवरची संध्याकाळची गर्दी ओलांडून आलात, म्हणजे विषयात तुमचंही काहीतरी अडकलेलं आहे असं मी धरून चालतो.

मी नाटकवाला नाही. तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, होतो. तरी बोलायचं कबूल केलं, कारण या विषयाच्या मुळाशी आमच्या शास्त्रातला एक फार जुना प्रश्न आहे. प्रश्न विचारणारा माणूस खरोखर विचारत असतो, की विचारण्याच्या मिषानं सांगत असतो?

आधी हा नाटकाचा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. वस्तीत, शाळेत, कुठल्यातरी आवारात दहा-पंधरा मिनिटांचं नाटक होतं. त्यात कुणावर तरी अन्याय होतो आणि नाटक वाईट ठिकाणी येऊन थांबतं. मग एक जण पुढे येऊन म्हणतो, आता हेच पुन्हा सुरू करतो. इथे या बाईनं वेगळं काही करायला हवं होतं असं ज्याला वाटेल, त्यानं ‘थांबा’ म्हणायचं, उठायचं, तिची जागा घ्यायची आणि करून दाखवायचं. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी 1970 च्या दशकात हा प्रकार बसवला. त्याला ‘फोरम थिएटर’ म्हणतात. नट आणि प्रेक्षक यांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसाला बोआल ‘जोकर’ म्हणत. आपल्याकडच्या संस्थांमध्ये त्याचा ‘सुलभक’ झाला.

या दोन नावांत बराच फरक आहे. जोकर हा पत्त्यातला. रमी खेळणाऱ्यांना सांगायला नको: त्याला स्वतःचा रंग नसतो, इस्पिकाचा नाही, बदामाचा नाही, जिथे पान कमी पडेल तिथे तो लागतो. सुलभक हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून सगळीकडे पसरला. सुलभ करणारा तो सुलभक. ‘सुलभ’ म्हटलं की आपल्याला आधी स्टेशनबाहेरची वास्तू आठवते, पण ते जाऊ द्या. (हशा) गंमत अशी की, जोकर हा काम सोपं करणारा नसून अवघड करणारा असतो असं खुद्द बोआलच म्हणत. मी ‘अवघडक’ असा शब्द करून पाहिला. शब्द काही चांगला नाही, पण अर्थ नेमका आहे. आपण भाषांतर करताना नेमका उलटा अर्थ उचलला, आणि मला वाटतं, पुढचे बरेच घोळ तिथूनच सुरू झाले.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला बोलावतो. जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करायचा तर बाजू केवढी घ्यावी? मुलगा म्हणतो, चार फूट. चुकतं. मग म्हणतो, तीन फूट. तेही चुकतं. मग सॉक्रेटिस प्रश्न विचारत विचारत त्याला कर्णापर्यंत नेतो आणि मालकाकडे वळून म्हणतो, बघ, मी काहीही शिकवलं नाही, फक्त विचारलं. मी हा संवाद वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. दरवर्षी एखादा विद्यार्थी हात वर करायचाच: सर, शेवटी शेवटी तो मुलगा नुसता हो-हो करतोय! बरोबर आहे. प्रश्न असे बांधलेत की ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर निघू नये. सहभागी नाटकावरचा नेहमीचा आक्षेप तो हाच, की सुलभक उत्तर आधीच खिशात घेऊन येतो आणि लोकांच्या तोंडून वदवून घेतो.

पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. त्या मुलाला भूमिती विचारली. तू गुलाम का आहेस, हे कुणी विचारलं नाही. मालक शेजारीच उभा होता. प्रश्न कसा विचारला यावर आमच्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण कोणता प्रश्न घ्यायचा हे कुणी ठरवलं, यावर फार कमी बोललं जातं. सुलभकाची खरी सत्ता तिथे असते.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात कुठे शोधायची? नाटकात मध्ये उभं राहून प्रेक्षकांशी बोलणारा माणूस आपल्याला नवा नाही. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार सगळा खेळ हाकत असे, सोबतीला विदूषक असे. पण मी बोट ठेवतो ते 1855 वर. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. दक्षिणा प्राइज कमिटीकडे त्यांनी ते पाठवलं, कमिटीनं नाकारलं. त्याबद्दलचा संताप पुढे 1873 च्या ‘गुलामगिरी’त आला आहे. नाटक छापून यायला 1979 साल उजाडलं. सव्वाशे वर्षं आपल्या रंगभूमीला हे नाटक आपल्याकडे आहे याचा पत्ताच नव्हता म्हणायला हरकत नाही.

गोष्ट साधी आहे. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा, आणि ग्रहांची भीती घालून त्यांच्याकडून पैसे, शिधा, जेवणावळ उकळणारा जोशी. पण या गोष्टीच्या बाजूला विदूषक उभा आहे. प्रत्येक प्रसंगावर तो प्रेक्षकांशी बोलतो. जोशी काय डाव टाकतोय, कुणबी कुठे फसतोय, सगळं उघड करत जातो. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. फुल्यांनी नाव तेच ठेवलं आणि त्याला पार उलट्या कामाला लावलं. अमुक एका परंपरेत बसवून घ्यायची त्यांना गरजच वाटली नसावी.

फुल्यांचा विदूषक जोकर आहे का? नाही. त्याला उत्तर ठाऊक आहे आणि ते तो लपवत नाही. प्रेक्षकाला करायला तो फारसं काही शिल्लक ठेवत नाही. बोआलच्या शिष्यांना विचाराल तर ते याला प्रचार म्हणतील. असेल. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली: तो आपली बाजू उघडपणे घेतो. मी तटस्थ आहे, असा आव आणत नाही. दुसरी गोष्ट नाटकाच्या शेवटी आहे. ते नवरा-बायको शिकायला निघतात, आणि निघतात ते फुल्यांच्या रात्रीच्या शाळेकडे. त्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी प्रौढांसाठी ती शाळा सुरू केली होती. म्हणजे नाटक पाहून एखाद्याला वाटलंच की आता काहीतरी करावं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जायला खरोखरचा पत्ता होता. तिथे नाटककार स्वतः शिकवत होता. हा दुसरा दिवस लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

आता अलीकडचं एक नाटक. मी स्वतः पाहिलेलं, आपल्याच भागातल्या एका वस्तीत. संस्थेचं नाव घेत नाही, तरुण पोरंपोरी होती, मनापासून करत होती. विषय नेहमीचा: नवरा दारू पितो, बायकोला मारतो. नाटक थांबलं. सुलभक मुलगी पुढे आली, छान बोलायची. पहिल्यांदा एक कॉलेजातली मुलगी उठली, तिनं बायकोची जागा घेतली आणि हेल्पलाइनला फोन लावला. टाळ्या. मग एक गृहस्थ उठले, त्यांनी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सांगितला, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा म्हणाले. पुन्हा टाळ्या. मग मागून एक बाई आल्या, पन्नाशीच्या असतील, घरकाम करणाऱ्या. त्यांनी काय केलं? नवरा बाहेरून येतोय म्हटल्यावर भांडण नाही, फोन नाही. पोराला उचललं, शेजारणीचं दार वाजवलं, तिच्याकडे जाऊन झोपल्या. सकाळी नवरा उतरल्यावर त्याच्या खिशातले पैसे काढून घेतले आणि कामाला निघून गेल्या. लोक हसले. पण बायका ज्या हसल्या ते हसणं वेगळं होतं, ओळखीचं होतं.

सुलभक मुलीनं विचारलं, “ताई, पण हे खऱ्या आयुष्यात चालेल का?”

बाई काही बोलल्या नाहीत. जाऊन बसल्या.

आता हा प्रश्न चुकीचा नाही. फोरम थिएटरचा तो हक्काचा प्रश्न आहे. कुणी जादूची कांडी फिरवल्यासारखा उपाय केला तर प्रेक्षकांनी ‘जादू!’ म्हणून ओरडायचं, अशी बोआल यांनी सोयच करून ठेवली होती. माझा आक्षेप एवढाच आहे की हा प्रश्न तिनं एकालाच विचारला. हेल्पलाइनला फोन केल्यावर कोण येतं, किती वेळानं येतं, तोवर काय होतं, हे तिनं विचारलं नाही. संरक्षण अधिकाऱ्याचं ऑफिस कुठे आहे, तिथे जायला एक दिवसाचा खाडा पडेल त्याचं काय, हे विचारलं नाही. त्या दोन उपायांना टाळ्या मिळाल्या, कारण ते संस्थेच्या अहवालात बसतात. आणि त्या तिघांत खऱ्या आयुष्यात रोज चालवला जाणारा उपाय एकच होता, तो नेमका परीक्षेला बसवला. बाईंचा उपाय पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. नाहीच आहे. किती वर्षं शेजारणीकडे झोपणार? पण अपुरेपणा तिन्हींत होता.

म्हणून माझी सुलभकाची कसोटी साधी आहे. त्याला नावडणाऱ्या उत्तराला तो जो कठीण प्रश्न विचारतो, तोच आवडणाऱ्या उत्तराला विचारतो का? विचारत असेल तर त्याची स्वतःची मतं काय आहेत याची मला फारशी फिकीर नाही. असू देत. माणूस आहे, मतं असणारच. सॉक्रेटिस स्वतःला सुईण म्हणवून घ्यायचा, त्याची आईही सुईणच होती. पण तो हेही म्हणतो की जन्मलेलं मूल खरं की पोकळ हे पारखणं हे माझं मोठं काम. त्यानं ते निदान कबूल तरी केलं. आमचा सुलभक म्हणतो, मी काहीच ठरवत नाही, सगळं तुम्हीच ठरवा. आणि ठरवतो तोच, भुवई वर करून.

बोआल यांना हे कळलं होतं, आणि ते दुसऱ्यांकडून कळलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पेरूमध्ये 1973 च्या साक्षरता मोहिमेत ते काम करत होते. तिथल्या एका निरक्षर बाईची गोष्ट त्यांनी नाटकात घेतली. नवऱ्यानं काही कागद जपून ठेवायला दिले होते, घराच्या बांधकामाच्या पावत्या म्हणून. बाईनं ते शेजारणीकडून वाचून घेतले तर निघाली त्याच्या प्रेयसीची पत्रं! आता नवरा घरी येतोय, बाईनं काय करावं? त्या वेळेपर्यंत पद्धत अशी की प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करायचं. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीनं बोलून दाखवलं. बाई म्हणाली, असं नाही, स्पष्ट. पुन्हा केलं. पुन्हा नाही. शेवटी वैतागून बोआल म्हणाले, मग तुम्हीच या. ती आली, नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला धरून यथेच्छ बदडलं, आणि मग म्हणाली, झालं स्पष्ट बोलून, आता जा आणि माझं जेवण वाढून आण. (हशा) ‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे काय ते नाटकवाल्यांच्या डोक्यात एक होतं, तिच्या डोक्यात दुसरं. शब्द दोघांचा एकच. फोरम थिएटरचा उगम बोआल या घटनेत सांगतात.

दुसरी हकिगत त्याच्याही आधीची, ब्राझीलच्या ईशान्येकडची. बोआलची मंडळी शेतमजुरांपुढे क्रांतीचं नाटक करत होती. जमिनीसाठी रक्त सांडू, वगैरे. हातात नाटकातल्या बंदुका. नाटक संपल्यावर व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी आनंदानं पुढे आला. म्हणाला, चला, जेवू आणि तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांना हाकलून देऊ. बोआल म्हणाले, या बंदुका खोट्या आहेत. बरं, म्हणाला, आमच्याकडे खऱ्या आहेत. तेव्हा सांगावं लागलं की आम्ही कलावंत, आम्ही लढणारे नव्हे. व्हर्जिलिओनं ओळखलं: म्हणजे सांडायचं ते रक्त आमचं, तुमचं नव्हे.

हा प्रश्न आजच्या प्रत्येक सुलभकाला लागू आहे. बंदूक नाही, पण वस्तीतल्या बाईला चारचौघांत उभं करून नवऱ्याविरुद्ध बोलायला लावणं हेही काही कमी नव्हे. नवरा मागच्या रांगेत असेल. नसला तरी रात्री घरी बातमी पोचणारच. सुलभक तोवर सव्वानऊची लोकल पकडून गेलेला असतो.

म्हणून तो दुसरा दिवस. आपल्याकडे मला यात सर्वांत वरचढ वाटतात गाडगेबाबा. त्यांचं कीर्तन म्हणजे अखंड सवाल-जवाब होता. बाबा विचारायचे, हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर द्यायचा. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये वांद्र्याला पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, जरूर ऐका. प्रश्न सगळे उत्तराकडे ढकलणारे, ‘मेनो’तल्यासारखेच. कर्ज, नवस, बोकड, पोरांचं शिक्षण. बोआलच्या पुस्तकी मापानं हा सुलभक नापास व्हावा. मग तो का चालला? कारण हा माणूस गावात शिरल्यावर आधी हातात खराटा घ्यायचा. गावानं त्याला दिवसभर आपली घाण उचलताना पाहिलेलं असायचं, रात्री तो विचारायचा. विचारायचा अधिकार त्यानं असा मिळवलेला होता. प्रशिक्षणवर्गात हे कसं शिकवणार, मला माहीत नाही.

आपल्या काळातली दोन उदाहरणं. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर अतुल पेठे आणि राजू इनामदार यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना घेऊन रिंगणनाट्य उभं केलं. वारीतल्या रिंगणासारखं, लोक भोवती, खेळ मध्ये. पण रिंगणाच्या आकारापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मध्ये उभा आहे तो त्या चळवळीचाच कार्यकर्ता. उद्या कुणाला त्याच्याशी भांडायचं असेल तर त्याला कुठे गाठायचं ते ठाऊक असतं. दुसरं आपल्याच जिल्ह्यातलं, ठाण्यातलं. रत्नाकर मतकरींनी 2014 च्या सुमारास समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्तीतली मुलं आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटुकली स्वतः उभी करतात. मतकरींसारखा कसलेला नाटककार तिथे होता, आणि कसलेल्या माणसाला सर्वांत अवघड काय, तर दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त न करणं. 2020 मध्ये मतकरी गेले, उपक्रम चालू राहिला. दिग्गज माणूस मधून निघून गेल्यावरही काम चालतं, हे सुलभकाच्या बाजूनं मी फार मोठं प्रमाणपत्र समजतो.

मात्र ‘आपला माणूस हवा’ याचाही मंत्र करू नका. कधी कधी आपलाच माणूस विचारू शकत नाही. भावकी आहे, जात आहे, उद्या त्याच्याच बहिणीचं लग्न जुळवायचं आहे. अशा वेळी परका माणूस जे विचारू शकतो ते आतल्याच्यानं होत नाही. परक्याला मज्जाव नको, त्यानं उत्तरदायी मात्र राहावं. बोआल यांनी याचं टोक गाठलं. 1993 ते 1996 ते रिओ शहरात नगरसेवक होते. नाटकातून लोकांनी जे सुचवलं त्याचे ठराव करून महापालिकेत मांडले, त्यांतून तेरा कायदे झाले. आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पाडलं. लोक ज्याला घरी बसवू शकतात असा सुलभक! मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांना मी हे सुचवत नाहीये, गैरसमज नको. (हशा)

शेवटी आपल्या इमारतींकडे येतो, कारण इथल्या काही तरुण मित्रांनी मला सांगितलं की त्यांना घरभाड्यावर असं नाटक करायचं आहे. अमक्या धर्माला घर नाही, मांस-मच्छी खाणाऱ्याला नाही, एकट्या मुलीला नाही. मीरा रोडमध्ये हे कुणाला समजावून सांगायला नको. नाटक सोसायटीच्या हॉलमध्ये करायचं म्हणतात. माझी शंका सांगतो. फोरम थिएटरचा नियम असा की ज्याच्यावर अन्याय झाला त्याची जागा, तोच अन्याय सोसणाऱ्यानं घ्यायची. सोसायटीच्या हॉलमध्ये ‘थांबा’ म्हणून कोण उठणार? ज्याला घर नाकारलं तो त्या हॉलमध्ये बसलेलाच नाही. तिथे आहेत ते सेक्रेटरी, खजिनदार, घरमालक. ते उठतील आणि नकार अधिक गोड शब्दांत कसा द्यावा याची तालीम करतील. सुलभक त्यांना म्हणेल, वा, छान सहभाग! लोक ठरवतात म्हणताना कोणते लोक, हे आधी बघावं लागतं. इथे हॉलचं बुकिंग करतानाच नाटक निम्मं ठरून जातं.

तेव्हा पहिला प्रयोग तिथे करू नका. एजंटांच्या दुकानाबाहेर करा, स्टेशनजवळ करा, पेइंग गेस्ट मुली राहतात तिथे करा. ज्यांना नकार मिळालाय त्यांना आधी उठू द्या, त्यांचं ‘स्पष्ट बोलणं’ काय असतं ते बघा. हिंदीत बोलतील, बोलू द्या, मराठीत आणायची घाई नको. मग त्यांच्यातलेच दोघं-तिघं घेऊन, त्यांची तयारी असली तरच, हॉलमध्ये जा. आणि तुमच्यातला जो कोणी मध्ये उभा राहणार असेल, त्यानं आपला फ्लॅट नंबर सांगून सुरुवात करावी.

आता प्रश्न घेऊया. माईक मागे द्या, पुढच्या रांगेतले नेहमीच बोलतात.